खाडीतली मासळी वाढली की जाळं बदललं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोली-दिवा भागातला तुमचा तरुणांचा गट गेली दोन वर्षं ठाणे खाडीतल्या मासळीची नोंद ठेवतो आहे. पहिल्या वर्षी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला तुम्ही पाग (हाताने फेकायचं जाळं) आणि वावरी (पाण्यात उभं धरायचं जाळं) टाकून ती घेतलीत. दुसऱ्या वर्षी एका कोळी कुटुंबाने आपल्या डोलीतली, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यातली, मासळी बघू दिली, आणि मासे नीट ओळखणारी एक मुलगीही गटात आली. प्रजातींची यादी जवळजवळ दुप्पट झाली. आता 'खाडी सुधारते आहे' असं पत्रक काढावं का, हे तुम्ही विचारता आहात.

काढू नका. खाडी सुधारते आहे असं तुमची आकडेवारी म्हणत नाही, बिघडते आहे असंही म्हणत नाही. पहिल्या वर्षी तुम्ही एका चाळणीने चाळलंत आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या चाळणीने, एवढंच तिच्यातून कळतं. दोन वर्षं पहाटे उठून चिखलात उतरलेल्या मुलांना हे वाचून वाईट वाटेल, ते मला समजतं. पण ती मेहनत वाया गेलेली नाही. तिचं काय करता येईल ते पुढे सांगते. मत्स्यसर्वेक्षणात माझी तीस वर्षांहून जास्त गेली, आणि तुम्ही करायच्या बेतात आहात ती चूक मी स्वतः करून बसले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जंगलात झाड निदान जागेवर उभं असतं. पाण्यातल्या माशांची शिरगणती कोणालाच करता येत नाही. आपण एखादं साधन घेऊन जातो, हाताला लागेल ते मोजतो आणि त्यावरून न लागलेल्याचा अंदाज बांधतो. हाताला किती लागलं हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, तिथे मासे किती होते. दोन, त्यातला किती हिस्सा त्या साधनात, त्या वेळी, त्या पाण्यात सापडू शकत होता. वहीतल्या आकड्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात आणि नुसत्या आकड्याकडे बघून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यात सापडण्याचं हे प्रमाण प्रत्येक माशाला, प्रत्येक आकाराला, दिवसाच्या प्रत्येक वेळेला निराळं असतं. त्यामुळे साधन बदललं की माशांची संख्या तर बदलतेच, पण कोणता मासा जास्त आणि कोणता कमी हे सगळं चित्रच बदलतं.

डोलीचंच बघा. लांबलचक पिशवी, तोंड प्रवाहाकडे, जागेवर बांधलेली. ती माशामागे जात नाही, पाणी माशाला तिच्यात आणून सोडतं. मग तिच्यात येतं कोण? प्रवाहापुढे ज्याचं काही चालत नाही तो. जवळा, करंदी, मांदेली, बोंबील, आणि जवळपास सगळ्याच माशांची पिल्लं. शेवटच्या भागाचा, म्हणजे खोल्याचा, आस (जाळ्याचं भोक) इतका बारीक असतो की बोटाच्या पेरापेक्षा लहान जीवही त्यात अडकून राहतो. अंगात जोर असलेला बोईट मात्र तोंडाशी येऊन वळतो नाहीतर उडी मारून निघून जातो. डोलीच्या नोंदीवरून खाडीत बोईट किती हे ठरवायला गेलात, तर बोईट जवळजवळ नाहीच असं उत्तर येईल.

वावरीत चित्र उलटं. हे गिलनेट माशाची वाट बघत उभं असतं. त्याच्या आसात डोकं जाईल पण धड जाणार नाही अशा जाडीचाच मासा त्यात अडकतो. बारीक मासा आरपार जातो, फार मोठा डोकं लावून परत फिरतो. त्यामुळे एकाच आसाच्या वावरीत सगळे मासे साधारण एका मापाचे दिसतात, आणि नवशिका लिहून टाकतो की या खाडीत याच वयाचे मासे राहिलेत. शिंगाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या परांचे काटे करवतीसारखे असतात, ते कुठल्याही आसात गुंततात, म्हणून कोणत्याही मापाचा शिंगाळा वावरीत सापडतो आणि यादीत तो खऱ्यापेक्षा ठळक होतो. शिवाय वावरीत तोच मासा जास्त येतो जो जास्त फिरतो. चिखलात बसून राहणारी खरबी तिला क्वचितच भेटते.

पागाचा भरवसा तो टाकणाऱ्या हातावर. अनुभवी कोळ्याचा पाग पाण्यावर ताटासारखा गोल पडतो, शिकाऊ मुलाचा केळ्याच्या आकाराचा पडतो आणि निम्मं पाणी झाकतच नाही. पहिल्या वर्षी तुमच्यापैकी तिघांनी आळीपाळीने पाग टाकला असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे ती एक पद्धत नव्हती, तीन होत्या.

निवटी या तिन्हींत कुठेच नाही. ओहोटीला ऐरोलीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर चिखलावर ती उड्या मारताना दिसते, कोणीही बघावी. पण तुमच्या दोन्ही वर्षांच्या यादीत तिचं नाव नाही, कारण तिला मोजायचं तर ओहोटीला चिखलावर ठरावीक लांबीची रेघ धरून, लांबून, दुर्बिणीने मोजावं लागतं. जवळ गेलात की ती बिळात. ज्या यादीत ठाणे खाडीतला सगळ्यात ठळकपणे दिसणारा मासाच नाही, त्या यादीला 'खाडीतल्या माशांची यादी' म्हणता येणार नाही. ती 'पागात, वावरीत आणि डोलीत आलेल्या माशांची यादी' आहे. पत्रकावर असंच लिहिलंत तर त्यात एकही शब्द खोटा नसेल.

आता माझी चूक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका खाडीच्या सर्वेक्षणात होते. दर महिन्याला त्याच जागी, त्याच माणसाची डोल आम्ही भाड्याने घ्यायचो. जागा तीच, माणूस तोच, तास मोजून तेवढेच. आम्हाला वाटायचं याहून काटेकोर काय असणार. तिसऱ्या वर्षी बारीक मासा आणि करंदी एकदम वाढली. आम्ही अहवालात लिहिलं की पिल्लांची भर पडते आहे, पाणी सुधारल्याचं हे लक्षण असू शकतं. बैठकीत मी ते वाचूनही दाखवलं. पुढच्या फेरीला त्या घरच्या वहिनी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, खोला गेल्या दिवाळीपासून नवा लावलाय, जुना फाटला होता, बाजारात हाच मिळाला, जरा बारीक आहे. मी तिथेच पट्टी काढून मोजला. आमच्या नोंदीतल्या मापापेक्षा आस बराच बारीक होता. आम्ही माप पहिल्या दिवशी एकदाच घेतलं होतं आणि मग दोन-अडीच वर्षं तेच माप प्रत्येक तक्त्यात उतरवत राहिलो. अहवाल परत मागवून ते वाक्य काढावं लागलं. त्या नवरा-बायकोने काही लपवलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक फेरीला खोल्याचा आस मोजते. ओल्या जाळ्याचे वीस आस, ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे.

ठाणे खाडीत याला आणखी एक पदर आहे, प्लास्टिकचा. खोल्यात पिशव्या आणि दुधाच्या थैल्या भरल्या की पाणी आरपार जाणं कमी होतं, तोंडाशी दाब तयार होतो आणि मासा आत यायच्या आधीच बाजूला फेकला जातो. जो आत असतो त्यातला बारीकही बाहेर पडत नाही, कारण आस बुजलेले असतात. म्हणून कचऱ्याचं वजन माशांइतक्याच काळजीने लिहा. पावसाळ्यातल्या पहिल्या जोरदार सरींनंतर नाले कचरा ओततात, तेव्हाची डोल आणि जानेवारीतली डोल ही नावाला एक पण प्रत्यक्षात दोन जाळी असतात.

आता तुमच्या 'पहिल्या रविवारी सकाळी सात' या वेळेकडे येते. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटली, कारण ती दिसायला अगदी शिस्तशीर आहे.

आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, कधी त्याहूनही जास्त. भांगेला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, दीड मीटरच्या आसपास. कोळ्यांचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आगेमागे. खाडीत आत, ठाण्याकडे, ती जरा उशिरा पोचते. या हिशेबाचा अर्थ असा की मुंबईच्या पाण्यात उधाण आणि घड्याळ एकमेकांना बांधलेले आहेत. उधाणाच्या दिवशी सकाळी सातला तुम्ही ओहोटीच्या तळाशी असता, चिखल उघडा पडलेला, मासा मधल्या खोल पट्ट्यात गोळा झालेला. भांगेच्या दिवशी त्याच सातला भरती जवळजवळ पूर्ण असते, पाणी तिवरांच्या मुळांत शिरलेलं, मासा पांगलेला. महिन्याचा पहिला रविवार कधी या तिथीला येतो, कधी त्या. म्हणजे मार्चचा आकडा एप्रिलपेक्षा कमी आला, तर त्यात ऋतूचा फरक किती आणि तिथीचा किती हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

डोलीत तर हे सरळ गणिताने दाखवता येतं. समजा तोंड चार मीटर बाय तीन मीटर आहे, म्हणजे बारा चौरस मीटर. उधाणाला प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर धरला तर तीन तासांत सुमारे ६४,८०० घनमीटर पाणी जाळ्यातून जातं. भांगेला प्रवाह ०.२ मीटर धरला तर तेवढ्याच तीन तासांत २५,९२० घनमीटर. खाडीत मासा अगदी तेवढाच असला तरी पहिल्या दिवशी अडीचपट मिळणार. म्हणून 'तीन तास जाळं लावलं' ही मेहनतीची नोंद अपुरी आहे. तोंडाशी प्रवाह मोजायचं छोटं यंत्र बांधता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर तरंगणारा नारळ सोडून दहा मीटर जायला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघा. वरवरचं माप असतं ते, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

तिथी धरून चाला. दर महिन्याला पौर्णिमेनंतरची द्वितीया आणि त्यानंतरची कृष्ण अष्टमी, असे दोन दिवस ठरवा. रविवार असो वा नसो. नोकरी-कॉलेज सांभाळून हे अवघड आहे, मला कल्पना आहे, पण सगळ्यांनी प्रत्येक वेळी यायची गरज नाही. आळीपाळीने या, फक्त जाळं टाकणारा हात तोच ठेवा.

एक फेरी रात्रीचीही करा. दिवाळे गावातल्या एका वृद्ध काकांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "म्याडम, रातचं या, मग बघा." गेले, आणि दिवसाच्या यादीत कधी न आलेल्या वाम आणि मोठी कोलंबी एकाच फेरीत दिसल्या. पहाटेची नोंद वाचताना आणखी एक सावधगिरी ठेवा. सांडपाणी जास्त असलेल्या खाडीत पाण्यातला प्राणवायू रात्री उतरत जातो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. तेव्हा मासा धापा टाकत वर येतो, सुस्त होतो आणि पागात सहज सापडतो. अशा दिवशी वहीत भरपूर मासे दिसतात आणि खरं तर पाणी सगळ्यात वाईट असतं. प्राणवायूचं माप शेजारी नसेल तर ती नोंद कोणीही उलटी वाचेल.

हे सगळं हौशी गटांपुरतं आहे असं वाटू देऊ नका. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर 'अल्बाट्रॉस चार' हे सरकारी जहाज कित्येक दशकं ट्रॉल, म्हणजे जहाजामागे ओढायचं जाळं, ओढून मासे मोजत होतं. मासेमारीच्या मर्यादा त्या आकड्यांवर ठरत. २००२ मध्ये उघड झालं की ट्रॉल ओढणाऱ्या दोन तारांवरच्या लांबीच्या खुणा चुकीच्या होत्या. एक तार दुसरीपेक्षा जास्त सोडली जात होती आणि २००० सालापासून जाळं तिरकं ओढलं जात होतं. आधीच निर्बंधांनी गांजलेल्या मच्छीमारांचा सर्वेक्षणावरचा विश्वास उडाला. पुढे ते जहाज निवृत्त करायची वेळ आली तेव्हा त्यांनी जे केलं ते मात्र आपण शिकण्यासारखं आहे. २००८ मध्ये जुनं जहाज आणि नवं 'हेन्री बिगेलो' यांनी शेजारी शेजारी, एकाच वेळी, शेकडो वेळा जाळी ओढली. कोणत्या माशाला नवं जाळं जुन्याच्या किती पट पकडतं हे त्यावरून प्रत्येक प्रजातीसाठी वेगळं काढलं, कारण सगळ्यांना मिळून एकच गुणक लावणं चुकीचं ठरलं असतं. काही माशांत फरक थोडा होता, काहींत प्रचंड.

तुम्ही पागावरून डोलीवर गेलात तेव्हा नेमकी हीच पायरी राहिली. निदान सहा महिने दोन्ही साधनं एकाच दिवशी, एकाच जागी वापरली असतीत तर आज दोन वर्षांच्या मधे पूल असता.

दुसरा धडा कॅनडाचा. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची मासेमारी जुलै १९९२ मध्ये बंद करावी लागली, शतकानुशतकं चाललेली. त्याआधीच्या वर्षांत मोठ्या ट्रॉलरना दर तासाला मिळणारा मासा चांगला दिसत होता. कारण साठा घटत गेला तसा उरलेला मासा थोड्या जागांत एकवटला आणि बोटी नेमक्या तिथेच गेल्या. संशोधन जहाजाच्या मोजणीत, जिथे जागा आधी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरतात, घट दिसत होती. खाडीतही असं होतं. गाळ साचून कडेचा भाग उथळ झाला की मासा मधल्या खोल पट्ट्यात येतो. तुमचं जाळं त्या पट्ट्यातच असेल तर वजन तेवढंच येत राहील आणि खाडी रिकामी होत असेल. म्हणून काही जागा कायमच्या ठेवा आणि प्रत्येक फेरीत एक-दोन जागा चिठ्ठी टाकून निवडा.

मासळी उतरवण्याच्या जागेवरच्या नोंदीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. देशभराच्या सागरी मासळीचा अंदाज केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था याच मार्गाने काढते. बंदरं, दिवस आणि होड्या नमुना पद्धतीने निवडून. मोठ्या प्रदेशासाठी ही पद्धत मोलाची आहे. पण दिवाळे किंवा वाशीगावच्या धक्क्यावर आलेली टोपली खाडीतलीच आहे असं धरू नका. काही होड्या बंदराबाहेर जाऊन येतात, आणि बाजारात भाऊच्या धक्क्यावरून आलेला मालही शेजारीच असतो. ज्याला भाव नाही तो मासा पाण्यातच टाकला जातो, तो धक्क्यावर दिसतच नाही. ज्या दिवशी काही मिळालं नाही त्या दिवशी होडी कोणाच्या नजरेत येत नाही. रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्या लिहिल्या नाहीत तर सरासरी नेहमी सुखद येते. तुमच्या वहीतही मला शून्याची एकही ओळ दिसली नाही. गेलात आणि काही मिळालं नाही असं दोन वर्षांत एकदाही झालं नाही का?

पाण्याखाली जाऊन डोळ्यांनी मोजणं इथे शक्यच नाही, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. मालवणला, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि पाणी हिवाळ्यात बऱ्यापैकी निवळतं, तिथे ते चालतं. तिथेही पाणबुड्याला बघून काही मासे पळतात, काही कुतूहलाने जवळ येतात, आणि खडकाच्या फटीतले दिसतच नाहीत. आमिष लावून ठेवलेला कॅमेरा मांसाहारी माशांना जास्त गोळा करतो. एवढं पुरे, तुमच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

पाण्यातल्या डीएनएबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी एकाने त्यासाठी निधी मागायचं सुचवलं आहे. मासा पाण्यात खवले, बुळबुळीत स्राव, विष्ठा सोडतो. ते पाणी गाळून त्यातला डीएनए वाचला की कोणत्या प्रजाती आहेत ते कळतं, जाळं न टाकता. लाजऱ्या आणि दुर्मीळ माशांसाठी हे साधन खरोखर चांगलं आहे. पण ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना लाखो स्वयंपाकघरं आहेत. वाशीच्या मोरीत धुतलेली सुरमई आणि मासळी बाजारात कापलेला रोहू सांडपाण्यातून खाडीतच येतो. प्रयोगशाळा तुम्हाला प्रामाणिकपणे सांगेल की इथे सुरमई आणि रोहू आहेत. ती चूक प्रयोगशाळेची नसेल. शिवाय डीएनए उबदार पाण्यात काही तासांत ते काही दिवसांत विरतो, पण तेवढ्यात भरती त्याला कित्येक किलोमीटर वर-खाली नेते. ऐरोलीचं पाणी ऐरोलीच्याच माशाबद्दल बोलतं आहे असं म्हणता येत नाही. गाळामुळे गाळणी काही मिनिटांत तुंबते, आणि मग उधाणाच्या गढूळ पाण्यातून कमी लिटर गाळले जातात, भांगेच्या निवळ पाण्यातून जास्त. मासा मोठा की लहान, दहा की दहा हजार, हेही त्यातून कळत नाही. जाळ्याच्या जोडीला घ्या, जाळ्याच्या जागी नको.

प्रजातींची संख्या हा आकडा तर फारच फसवा आहे. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर दहा मिनिटं उभं राहून गाड्यांच्या पाट्यांवरची राज्यं मोजा, मग दोन तास उभे राहा. दोन तासांत जास्त राज्यं दिसतील, पण म्हणून त्या दुपारी देशभरातून वाहतूक वाढली असं होत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही डोलीतले हजारो जीव पाहिलेत, पहिल्या वर्षी काही शे. जास्त जीव पाहिले की जास्त प्रजाती दिसणारच. तुलना करायची तर दोन्ही वर्षांतून सारख्याच संख्येने जीव चिठ्ठ्यांसारखे उचलले असते तर किती प्रजाती आल्या असत्या, ते काढावं लागतं. संगणकावर याची मोफत साधनं आहेत, तुमच्यातला संख्याशास्त्राचा विद्यार्थी एका संध्याकाळी करेल. आणि ती मासे ओळखणारी मुलगी आल्यावर पूर्वीचा एक 'ढोमा' मासा चार नावांत फुटला असणार. तिच्याकडून पहिल्या वर्षीचे फोटो पुन्हा तपासून घ्या. फोटो नसतील तर दुसऱ्या वर्षीचे ते चार ढोमे तुलनेपुरते एकत्र करा.

आता त्या दोन वर्षांचं काय करायचं. दोन्ही वर्षं वेगळ्या वह्या म्हणून ठेवा, एका तक्त्यात घालू नका. प्रत्येक जुन्या तारखेसमोर पंचांगातून तिथी लिहा आणि भरतीची वेळ काढून ओळीशेजारी नोंदवा. हे मागे जाऊनही करता येतं, आणि माझा अंदाज आहे की पहिल्या वर्षाचा बराच गोंधळ तिथेच सुटेल. डोलीचं दुसरं वर्ष हा तुमचा खरा पाया धरा. ते कोळी कुटुंब तयार असेल तर त्यांच्याबरोबर निदान पाच वर्षं टिकून राहा. त्यांना मोबदला द्या आणि आकडे आधी त्यांना दाखवा. पागही सोडू नका, पण तो एकाच हाताने टाकलेला असू दे.

पावसाळा गाळू नका. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते म्हणून बहुतेक सर्वेक्षणांत ते दोन महिने कोरे असतात, आणि नेमकं तेव्हाच गोडं पाणी उतरतं, चिवणी अंडी घेऊन वर चढते. बिगरयांत्रिक होड्यांची खाडीतली मासेमारी तेव्हाही चालू असते, त्यांच्याकडे जा. फक्त खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुन्यासाठीही जाळं टाकू नका, आणि कुठेही असलात तरी जिवंत मासा मोजून पाण्यात सोडा.

मी हे इतक्या आग्रहाने का लिहिते आहे तेही सांगते. या खाडीवर पूल झाले, आणखी होतील, किनाऱ्यावर बांधकाम थांबणार नाही. प्रत्येक वेळी कोळीवाड्यांना नुकसान किती झालं हा प्रश्न येतो आणि टेबलावर मासळीची आकडेवारी मागितली जाते. काम सुरू होण्याआधीची मोजणी भांगेला पागाने झाली असेल आणि नंतरची उधाणाला डोलीने, तर कागदावर मासळी वाढलेली दिसेल आणि ज्याच्या घरात चूल मंदावली आहे तो खोटा ठरेल. उलटही होऊ शकतं. तुमच्या 'खाडी सुधारते आहे' या पत्रकाचा कागद कोणत्या फायलीत जाऊन बसेल यावर तुमचा ताबा राहणार नाही.

येत्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला भरती पूर्ण होण्याची वेळ दीडच्या सुमारास येईल. अकराला त्या कुटुंबाच्या होडीशी पोचा. वही, वजनकाटा आणि फोटोत मासोळीशेजारी ठेवायला मोजपट्टी घ्या. डोल पाण्यात जायच्या आधी खोल्याचे वीस आस मोजा आणि वहिनींना विचारा, जाळ्यात गेल्या महिन्यात काय बदललं.